बाकावरचा बाप

मराठी साहित्यात बाप भरपूर आहेत. बाप होत असलेला पुरुष मात्र शोधावा लागतो. रागीट बाप, कर्जबाजारी बाप, दारुडा बाप, मुलांच्या शिक्षणासाठी हाडे झिजवणारा बाप, परदेशी गेलेल्या मुलाच्या पत्राची वाट पाहणारा बाप अशी मोठी वंशावळ आपल्या कथा-कादंबऱ्यांनी आणि आत्मचरित्रांनी उभी केली आहे. हा मनुष्य ज्या रात्री बाप झाला त्या रात्री तो कुठे होता, असे विचारले की उत्तर ठरलेले असते: बाहेर. ओसरीवर, व्हरांड्यात, दवाखान्याच्या बाकावर. आत काहीतरी घडते, दार उघडते, कोणीतरी बातमी आणते आणि निवेदन पुढच्याच परिच्छेदात बारशाला पोचते. मधली ओळ रिकामी राहते. या रिकाम्या ओळीला आजवर मर्यादा, संकोच, सभ्यता अशी नावे मिळाली. आमच्या मते तिचे खरे नाव सोय असे आहे, आणि ही सोय आता मोडून काढायला हवी.

हे आम्ही परस्थ समीक्षकाच्या उंचीवरून बोलत नाही. त्या बाकावर आम्हीही बसलो आहोत. पहिले बाळंतपण माहेरी, या रिवाजाप्रमाणे आमची पत्नी खालापूर तालुक्यात आई-वडिलांकडे होती आणि नोकरीपायी आम्ही कर्जतला. रात्री फोन आला तेव्हा खोपोलीकडे जाणारी शेवटची गाडी निघून गेली होती. पंधरा किलोमीटरांचा तो रेल्वेफाटा. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी ही स्थानके आम्हांला पाठ. पण आषाढातल्या त्या पावसात मोटारसायकलवरून जाताना तेवढेच अंतर संपता संपत नव्हते. दवाखान्यात पोचलो तेव्हा एका कागदावर सही मागण्यात आली. सही केली. आत येऊ का, असे विचारल्यावर, "बायकांचं काम आहे, तुम्ही बाहेर बसा," असे उत्तर मिळाले. आमची सही आत गेली, आम्ही बाहेर राहिलो.

बाकावर आणखी दोघे होते. द्रुतगती मार्गावर मालवाहू गाडी चालवणारे एक गृहस्थ, आणि पायांत चिखलाने भरलेल्या चपला घातलेला एक कातकरी तरुण. आतून आवाज येत होते. त्यांतला एक आवाज असा होता की तो ऐकून आम्ही त्या गाडीवानाकडे सहानुभूतीने पाहिले. त्यांच्या घरच्या माणसाला फार त्रास होतो आहे असे आम्हांला वाटले. तेही आमच्याकडे तसेच पाहत होते. पहाटे मुलगी झाली. सुमारे तीन आठवड्यांनी पत्नीने सहज बोलता बोलता सांगितले की, त्या रात्री आत तिच्याशिवाय दुसरे कोणी ओरडत नव्हते. बाकीच्या दोघींना अजून फारशा कळा सुरूही झाल्या नव्हत्या. "तू कुठे होतास?" तिने विचारले. त्यात तक्रार नव्हती, निव्वळ चौकशी होती. दहा वर्षे ज्या बाईशी आम्ही बोलत आलो तिचा आवाज आम्ही ओळखला नव्हता. या लेखाचे कारण इतकेच आहे.

आता हा केवळ आमचा गबाळेपणा म्हणून सोडून देता येईल. पण आमच्या ओळखीतल्या ज्या ज्या पुरुषांना आम्ही विचारले त्यांच्यापैकी बहुतेकांनी त्या रात्रीची जी हकीगत सांगितली ती रस्त्याची, पावसाची, रक्ताच्या बाटलीची, पैशांच्या जमवाजमवीची आणि पेढ्यांची होती. जन्माची हकीगत कोणाकडेच नव्हती. आमच्याकडेही नाही. एका अख्ख्या सुशिक्षित वर्गाकडे आयुष्यातल्या एका मूलभूत अनुभवाची फक्त परिघावरची आठवण असावी, आणि त्या वर्गाने लिहिलेल्या वाङ्मयात तो अनुभव फक्त परिघावरून यावा, या दोन गोष्टींचा संबंध नाही असे कोण म्हणेल?

भाषेकडे पाहिले तर ती या बाबतीत आपल्या लेखकांपेक्षा धीट आहे. 'बाळंत होणे' हे क्रियापद तिने बाईपुरतेच राखले, हे योग्यच. पण 'तिला मुलगी झाली' आणि 'त्याला मुलगी झाली' ही दोन्ही वाक्ये मराठीत सारख्याच अधिकाराने उभी राहतात. ताप येतो, भूक लागते, आठवण येते, तशीच मुलगी होते. ज्याला काही घडते, ज्याच्यावर काही येऊन आदळते, त्याला मराठी 'ला' लावते. म्हणजे व्याकरणाने बापाला भोक्त्याच्या जागी कधीच बसवून ठेवले आहे. प्रश्न एवढाच की त्याने तिथे बसून काय भोगले ते कोणी लिहिले नाही. उलट 'आम्हांला मुलगी झाली' या वाक्यातले 'आम्ही' मात्र संशयास्पद आहे. त्या एका सर्वनामात टेबलावरची बाई आणि बाकावरचा पुरुष एकत्र कोंबले जातात, आणि कोणी किती सोसले याचा हिशेब बुडतो. हा लेख आम्ही 'आम्ही' म्हणून लिहीत आहोत, पण त्या 'आम्ही'त आमची पत्नी नाही, हे इथेच नोंदवून ठेवतो.

परंपरेचा हवाला देणाऱ्यांनी परंपरा तरी नीट वाचावी. जातकर्म हा संस्कार स्मृतिकारांनी नाळ कापण्यापूर्वी करायला सांगितला आहे; सोने, मध आणि तूप घेऊन बापाने बाळाच्या ओठांना लावायचे. याचा अर्थ शास्त्राच्या कल्पनेतला बाप जन्माच्या क्षणी हाकेच्या अंतरावर होता. अर्थात, मूल मुलगा असेल तर. ही अट आम्ही लपवत नाही, कारण त्या शास्त्राचे सगळे रूप तिच्यातच दिसते. पण पुढे झाले काय? पुष्कळ घरांत जातकर्म मुंजीच्या वेळी राहिलेल्या इतर संस्कारांबरोबर उरकले जाऊ लागले. नाळ कापण्यापूर्वी करायचे काम आठ वर्षांनी, प्रायश्चित्ताचे चार पैसे ठेवून! जन्माला उशिरा पोचण्याची सवय आपल्याकडच्या बापांना इतकी जुनी आहे.

आधुनिक काळाकडे वळलो तरी चित्र फारसे बदलत नाही. आनंदीबाई जोशींची कथा मराठी वाचकाला तोंडपाठ आहे. कल्याणची ही मुलगी चौदाव्या वर्षी आई झाली, तिचे बाळ दहा दिवसांत गेले, आणि त्या मृत्यूतून तिच्या वैद्यकीय शिक्षणाच्या निश्चयाला बळ आले. त्या बाळाला बापही होता. गोपाळराव हे विक्षिप्त नवरे, हट्टी शिक्षक, सुधारक, पोस्टातले कारकून अशा अनेक रूपांत आपल्या स्मृतीत आहेत, श्री. ज. जोशींच्या 'आनंदी गोपाळ' (१९६८) या कादंबरीने ती रूपे घरोघरी नेली. पण दहा दिवसांचा बाप म्हणून गोपाळराव कोणाला आठवतात? ज्या घटनेवर सगळ्या कथेचे वळण उभे आहे, तीत बापाची व्यथा हा विषयच आपल्याला कधी सुचला नाही.

बाहेरच्या वाङ्मयात हे कसे घडले ते साहित्याच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको, तरी सांगतो. 'अॅना कॅरेनिना'च्या सातव्या भागात टॉलस्टॉयने किटीच्या प्रसूतीचा प्रसंग लेव्हिनच्या बाजूने लिहिला आहे. नास्तिक लेव्हिन नकळत प्रार्थना करू लागतो, वेळेचे भान हरवतो, डॉक्टरच्या संथपणाने पिसाळतो. आणि अखेर मूल हातात येते तेव्हा त्याला आनंद होत नाही; आपल्याला दुखावता येईल अशी आणखी एक जागा जगात निर्माण झाली, ही धास्ती वाटते. पेढ्यांच्या पुड्याखाली आपण हीच धास्ती झाकत असतो. हेमिंग्वेची 'इंडियन कॅम्प' (१९२४) ही लहानशी कथा आणखी निष्ठुर आहे. आदिवासी बाई दोन दिवस अडलेली. गोरा डॉक्टर भूल न देता खिशातल्या चाकूने तिचे पोट उघडतो. तिच्या किंकाळ्या त्याने कामापुरत्या बिनमहत्त्वाच्या ठरवल्या आहेत. वरच्या फळीवर, पायाला कुऱ्हाड लागल्याने जायबंदी पडलेल्या तिच्या नवऱ्याला तसे ठरवता आले नाही. शस्त्रक्रिया यशस्वी झाली म्हणून डॉक्टर वर पाहतो, तेव्हा त्या नवऱ्याने स्वतःचा गळा चिरलेला असतो. त्या खोलीत बापाला बाहेर जायला जागा नव्हती. आपल्या कथांतल्या बापांना ती नेहमी असते.

आणि आपल्याकडे एक उदाहरण आहे, पण ते आपण ललित वाङ्मयात मोजत नाही. गांधीजींनी आत्मकथेत लिहिले आहे की धाकटा मुलगा देवदास १९०० साली दक्षिण आफ्रिकेत जन्मला तेव्हा डॉक्टर वेळेवर मिळाला नाही, सुईण आणायला वेळ लागला असता, म्हणून ते बाळंतपण त्यांनीच केले. त्यासाठी डॉ. त्रिभुवनदासांचे मातांना उपदेश करणारे पुस्तक त्यांनी आधी अभ्यासून ठेवले होते. या मजकुरात कसलाही गहिवर नाही. पुस्तक वाचले, वेळ आली, हात घातला, इतकी साधी हकीगत आहे. गांधीजींच्या घरातल्या वर्तनावर आक्षेप घ्यायला जागा पुष्कळ आहे, आणि कस्तुरबांची बाजू त्या परिच्छेदातही नाही. तरीही बापाने जन्माविषयी कसे लिहावे याचा तो एक नमुना आहे: काय केले ते सांगावे, काय वाटले याचा पसारा मांडू नये.

इथे आमच्यावर एक गंभीर आक्षेप येईल, आणि तो आमच्याच मैत्रिणींकडून आला आहे. त्या म्हणतात: बायकांनी आपल्या बाळंतपणाविषयी लिहायला आत्ता कुठे सुरुवात केली. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमचं'मध्ये कोवळ्या वयात बाळंत होणाऱ्या मुलींचे हाल आणि बाळंतपणानंतरची त्यांची उपासमार लिहिली, तेव्हा मराठीला पहिल्यांदा हा विषय पाळण्याच्या दोरीपलीकडे दिसला. आता लगेच पुरुषांनी तिथे येऊन आपल्या भावनांची सतरंजी अंथरायची काय? हा प्रश्न आम्हांला निरुत्तर करणारा नसला तरी लगाम घालणारा आहे. गेल्या काही वर्षांत नव्या बापांच्या लेखनाची एक लाट आली आहे. 'मी बाप झालो आणि बदललो' हा तिचा एकच सूर. त्या लेखनात प्रसूती हा पुरुषाच्या आत्मशोधाचा एक मुक्काम असतो. बाई कळा देते आणि लेखकाला साक्षात्कार होतो. रिकाम्या ओळीच्या जागी ही गुळगुळीत ओळ आली तर आम्हांला ती नको. त्यापेक्षा ओसरीवर येरझाऱ्या घालणारा जुना बाप निदान गप्प तरी होता.

आमचे म्हणणे वेगळे आहे. साक्षीदाराने साक्ष द्यावी, फिर्यादी होऊ नये. बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असे आपण सहज म्हणून जातो. पुनर्जन्म म्हणजे मध्ये मरण आले, हे त्या म्हणीत आपण मान्य केलेले असते. ज्या प्रसंगात मरण शक्य आहे त्या प्रसंगी उपस्थित न राहणे, आणि मग त्याविषयी अज्ञान हीच सभ्यता समजणे, हे नीतीत बसत नाही. जो पाहतो त्याला पुढे 'मला ठाऊक नव्हते' असे म्हणता येत नाही. दुसऱ्या मुलाचा हट्ट, मुलगाच हवा हा हट्ट, बाळंतिणीने सव्वा महिन्यात कामाला लागावे ही अपेक्षा, या सगळ्या गोष्टी त्या अज्ञानाच्या आधारावर टिकल्या आहेत. आत उभा राहिलेला प्रत्येक पुरुष सुधारेल, असा आमचा भाबडा समज नाही. पण बाहेर बसलेल्याला निमित्त कायमचे मिळते.

कर्जतमध्ये राहणाऱ्याला एक दृश्य रोजचे आहे. मुंबईहून आलेली लांब पल्ल्याची गाडी थांबते आणि तिच्या मागे जादा इंजिने जोडली जातात. बोरघाटाचा चढ सदतिसास एक. पुढच्या इंजिनाला तो एकट्याने पेलत नाही. मागची इंजिने ढकलत नेतात, घाट सरला की सुटी होतात. प्रवाशांपैकी क्वचितच कोणी त्यांच्याकडे पाहतो. चढ गाडीचा असतो, गाडीचाच राहतो. पण मागे ढकलणारे कोणी असले की ती चढते. कळा देणाऱ्या बाईजवळ तिच्या पसंतीचे माणूस सतत असावे, याबाबतही वैद्यकशास्त्राने तेच सांगितले आहे. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांवरील चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या: असा आधार मिळालेल्या स्त्रियांत नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण अधिक, सिझेरियनचे कमी आणि कळांचा काळ थोडा लहान आढळला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये हीच शिफारस केली. ते माणूस नवराच असावे असे नाही. आई असेल, बहीण असेल. निवड त्या बाईची. पण निवडीच्या यादीत नवऱ्याचे नावच नसावे, हे कोणी ठरवले?

सरकारने तर ठरवलेले नाही. २०१६ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला परवानगी दिली, आणि जिथे प्रसूतिकक्षात खासगीपणा राखला जातो तिथे नवऱ्यालाही येऊ देता येईल असे म्हटले. ही अट आम्हांला रास्त वाटते. तीन टेबले ओळीने मांडलेली, मध्ये काही नाही, अशा खोलीत परक्या पुरुषाने शिरावे असे आम्ही कधीच म्हणणार नाही. त्या रात्री आम्हांला बाहेर बसवणाऱ्या परिचारिकेने बाकीच्या दोघींची लाज राखली, हे आज कळते. मग वाद उरतो तो पडद्याचा. दोन टेबलांमध्ये एक कापडी पडदा. संस्कृती, मर्यादा, स्त्रीपुरुषस्वभाव असली जड शस्त्रे परजून आपण जिचे रक्षण करतो ती व्यवस्था काही मीटर कापडाअभावी उभी आहे.

आणि सही? सज्ञान बाईच्या शरीरावर उपचार करायला कायद्याला तिचीच संमती पुरते. तरी कागद नवऱ्यापुढे येतो. जिथे त्याची गरज नाही तिथे त्याचे नाव मागायचे, आणि जिथे उपयोग होईल तिथे त्याला उठवायचे, असा हा उलटा न्याय आहे. रजेचेही तसेच. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १९९७ पासून पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे. २०१७ मध्ये मातृत्व रजा बारावरून सव्वीस आठवड्यांवर गेली. त्याच वर्षी हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी असंघटित क्षेत्रातल्या बापांनाही सामावून घेणारे पितृत्व लाभाचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. ते संमत झाले नाही. सातव २०२१ मध्ये गेले. त्यांच्या विधेयकाची आठवण मराठी लेखकांपैकी कितीजण काढतात?

बाकावरच्या त्या कातकरी तरुणाकडे आता वळतो, कारण या लेखाचा सगळ्यात अवघड भाग तो आहे. पहाटे त्याच्याशी थोडे बोलणे झाले. वाडीवरून रस्त्यापर्यंत बायकोला त्याने आणि तिघांनी चादरीची झोळी बांबूला बांधून खांद्यावर आणले होते; पुढे गाडी मिळाली. त्याआधीचे मूल वीटभट्टीवर, झोपडीतच झाले होते, आणि तेव्हा तो आतच होता, कारण त्या झोपडीला 'बाहेर' नव्हते. आम्ही त्याला विचारले, भीती वाटली का? तो म्हणाला, "पाणी तापवत होतो." आमच्या बाकावर जन्म पाहिलेला एकमेव बाप तोच होता, आणि आमच्यापैकी लिहिता-वाचता न येणाराही तोच.

कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारांवर ठाकूर आणि कातकरी वाड्या आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांची वाट आजही पायवाट आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी दरडीखाली गेली तेव्हा बचाव पथकांना पायी चढावे लागले, आणि महाराष्ट्राने त्या चढणीची बातमी वाचली. अशाच चढणी पोटुशा बायका वर्षानुवर्षे झोळीतून उतरत आल्या आहेत. झोळीचा बांबू बहुतेकदा नवऱ्याच्या खांद्यावर असतो. तेव्हा 'भारतीय पुरुष प्रसूतीपासून दूर असतो' हे विधान ज्या भारतीय पुरुषाविषयी केले जाते तो बाकावर बसण्याची ऐपत असलेला पुरुष होय. ज्याच्याकडे अनुभव आहे त्याच्याकडे कागद नाही, आणि ज्याच्याकडे कागद आहे त्याने अनुभव दारातून परत पाठवला. कातकरी बापाचे जवळ असणे आम्ही रम्य करू पाहत नाही. ते नाइलाजाचे आहे, आणि तिथे सुईण, डॉक्टर, रस्ता काहीच नसण्याची किंमत बाईने मोजलेली असते. पण 'पाणी तापवत होतो' या तीन शब्दांत जेवढे वाङ्मय आहे तेवढे आमच्या वर्गाच्या येरझाऱ्यांच्या परिच्छेदांत नाही, हेही खरे.

अध्यापक मित्रांना आमची विनंती आहे. वर्गात आत्मचरित्र शिकवताना लेखकाला मुले झाली त्या पानापाशी थांबा आणि विद्यार्थ्यांना विचारा, लेखक या वेळी कुठे आहे? उत्तर बहुधा पानावर नसेल. ते पानावर का नाही, यावर एक तास खर्च करा. मुलगे हसतील, मुली गप्प बसतील. दोन्हींची नोंद घ्या.

पाचव्या रात्री आमच्या सासरी सटवाईची पूजा झाली. पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवली होती; रात्री ती येऊन बाळाचे प्राक्तन लिहिते म्हणतात. सकाळी कागद कोराच होता, सासूबाईंनी तो घडी घालून देव्हाऱ्यात ठेवला. त्यावर आम्हीच काही लिहावे असे मनात आले, पण लिहायला आमच्यापाशी पाऊस, मोटारसायकल आणि सही एवढेच होते. दुसऱ्या खेपेला पत्नीने आम्हांला आत बोलावले आणि पडदा असेल तर आम्ही जाऊ. नसेल, तर आधी पडद्यासाठी भांडू.